जुन्या गाडीचे शॉकअप : खाच फिरवण्याआधी

पंधरा वर्षं झाली की मोटारसायकलची नोंदणी संपते. मग आरटीओत खेटे, पर्यावरण कर, पीयूसी, विमा, जमलंच तर टाकीवर एक हात पॉलिश; आणि नूतनीकरणाचा शिक्का पडला की गाडी पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा कामाला जुंपली जाते. या खटाटोपात इंजिनाचा आवाज चार जण कान देऊन ऐकतात. शॉकअपकडे मात्र कुणी वाकूनही बघत नाही. शॉकअप एका दिवसात मरत नाही, हे त्याचं कारण. तो रोज थोडाथोडा ढिला पडतो आणि चालवणाऱ्याचं अंग त्याच्याशी जुळवून घेतं. खड्डा दिसला की आपण नकळत सीटवरून अंग उचलतो, गतिरोधकावर गाडी जवळजवळ उभीच करतो, ओल्या वळणावर उगाच कचरतो, आणि कंबर दुखली की वयाला बोल लावतो.

गॅरेजमध्ये याच्यावर दोन उपाय ठरलेले असतात. ‘मागची खाच कडक करून देतो’ (म्हणजे शॉकअपच्या तळाची कडी फिरवून स्प्रिंग आणखी दाबणं) किंवा ‘जोडी बदलून टाका’. दोन्ही उपाय कधी ना कधी बरोबर असतात, पण सुरुवात तिथून करायची नसते. जुन्या गाडीत आधी चाकातली हवा बघावी, मग रबर आणि बुश, मग हँडलचा कोनसेट, मग पुढचं ऑईल, आणि सगळ्यात शेवटी खाच. या क्रमाने गेलात तर बऱ्याच गाड्यांना नवे शॉकअप लागतच नाहीत.

हा लेख स्प्लेंडर, सीडी १००, आरएक्स १००, जुनी बुलेट, येझदी, पहिल्या काळातली पल्सर अशा गाड्यांसाठी आहे. पुढे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, मागे चाक धरणाऱ्या चिमट्यावर (स्विंगआर्मवर) दोन शॉकअप. ऑईलने आवरली जाणारी पुढची टेलिस्कोपिक रचना बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर१२ या गाडीवर विक्रीला आणली. बुलेटला मागे हलता चिमटा १९४९च्या सुमारास मिळाला. म्हणजे तुमच्या दारात उभी असलेली यंत्रणा तुमच्या आजोबांच्या वयाची आहे. तिच्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही. मापपट्टी, चार पाने आणि एक रिकामा रविवार असेल तर तिची तपासणी घरीच होते.

शॉकअपमध्ये दोन भाग दोन वेगळी कामं करतात. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का गिळते. पण दाबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने उलटते, आणि तिला आवरायचं काम ऑईलचं. आतला पिस्टन सरकला की ऑईलला बारीक भोकांतून वाट काढावी लागते. इंजेक्शनची भरलेली सिरिंज सुईसकट दाबताना अंगठ्याला जो विरोध लागतो, तोच हा. जुन्या गाडीत स्प्रिंग सहसा शाबूत असते, दम जातो तो ऑईलचा. आणि खाच फिरवून आपण उपाय करतो स्प्रिंगवर! ऑईल मेलेलं असताना स्प्रिंग जास्त दाबून ठेवली, तर गाडी मऊ होत नाहीच. उलट खड्ड्यातून बाहेर पडताना मागचं चाक जास्त जोरात उडतं.

ऑईल जिवंत आहे का, हे हातानेच कळतं. गाडी स्टँडवरून काढा, पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलवर अंगाचा भार टाकून ती खाली दाबा आणि सोडा. पुढचा भाग वर येऊन थांबला तर ठीक. वर येऊन पुन्हा खाली, पुन्हा वर अशी झुलली तर ऑईल कमी आहे किंवा पाण्यासारखं पातळ झालं आहे. खाली जाताना मध्येच अडकून मग घसरली तर पाइप वाकडा असण्याची शक्यता, किंवा चाक बसवताना दोन्ही बाजू एका रेषेत आलेल्या नाहीत. मागेही तसंच, सीटच्या मागच्या टोकाला दाबून बघा. दोन्ही बाजूंच्या शॉकअपच्या दांड्याखाली बोट फिरवा. बोटाला ताजं ऑईल लागलं तर त्या बाजूचा शॉकअप संपला.

आता क्रमाने. हवा हा विषय एवढा साधा आहे की सगळे तो सोडूनच देतात. स्प्लेंडर, सीडी १०० या घराण्यातल्या जुन्या गाड्यांना पुढे साधारण २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीट ४१ पीएसआय हवा लागते. तुमच्या गाडीचे आकडे चेन कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत सापडतील. पंपवाला विचारत नाही, तो सगळ्यांना सारखीच भरतो. पुढच्या चाकात ३५-४० भरलेली असेल, तर कुठलाही शॉकअप तुम्हाला वाचवू शकत नाही. टायर थंड असताना हवा बघा, आणि मगच पुढचं काही ठरवा.

नंतर रबर. मागच्या शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या डोळ्यात रबरी बुश असतात. ते तडकले, चपटे झाले की छोट्या खड्ड्यात ‘खडखड’ येते, आणि मालक समजतो शॉकअप गेला. हे बुश किरकोळ पैशांत मिळतात. त्यांचा मोठा वैरी म्हणजे डिझेल वॉशिंग. चिखल सुटतो, चेन लखलखीत होते, पण डिझेल रबर फुगवतं आणि पोखरतं. जुन्या गाडीला साबणाचं पाणी पुरे. प्रेशरचा फवाराही पुढच्या पाइपच्या सीलवर आणि चिमट्याच्या सांध्यावर थेट मारू देऊ नका. पाणी आत शिरलं की ते आपणहून बाहेर येत नाही.

चिमट्याचे बुश हा सर्वांत दुर्लक्षित भाग. गाडी मेन स्टँडवर लावा, एका हाताने फ्रेम धरा आणि दुसऱ्या हाताने चिमट्याचं मागचं टोक आडवं हलवा. फ्रेमच्या तुलनेत चिमटा हलला तर बुश गेले. चिमटा स्थिर आणि नुसतं चाक हललं तर चाकाचे बेअरिंग. या दोन्हींचा रस्त्यावरचा अनुभव सारखाच असतो : वळणावर गाडीचं मागचं अंग उशिरा येतं, ट्रक बाजूने गेला की गाडी डोलते. ज्या जुन्या गाड्यांच्या चिमट्याला ग्रीस निप्पल आहे तिथे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत. रबर चिकटवलेले बुश असतील तर ग्रीस नको. तिथे वेगळी एक काळजी आहे : मधला बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, वजन आल्यावर. हवेत लोंबत्या चिमट्यावर आवळला तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो.

पुढच्या बाजूला तसाच फसवणारा भाग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ते कप आणि छर्रे. इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक उचला आणि बॉटम (पाइप ज्यात सरकतो ती खालची नळी) धरून पुढे-मागे ओढा. ‘टक’ असं लागलं तर कोनसेट ढिला. मग हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर ते खोबणीत बसल्यासारखं थांबलं तर कपांना छर्ऱ्यांचे खड्डे पडले आहेत. आवळून उपयोग नाही, पूर्ण संच बदला. चांगल्या कोनसेटचं हँडल मधून जरा हलवलं की आपल्या वजनाने कडेला पडतं, पण ओढल्यावर टक वाजत नाही.

इथवर सगळं ठीक निघालं, की पुढच्या शॉकअपच्या ऑईलकडे वळायचं. खरी मेहनत आणि खरा फायदा इथेच आहे. इंजिन ऑईल आपण वेळेवर बदलतो. पुढच्या शॉकअपमधलं ऑईल कित्येक गाड्यांत कारखान्यातून आलं तेच असतं. ते बाहेर काढलं तर ऑईल म्हणून ओळखू येत नाही : राखाडी, गाळासारखं, उजेडात धरलं तर धातूच्या बारीक चुऱ्याने चमकणारं, आणि कुजक्या मासळीचा वास. पाणी शिरलं असेल तर दुधाळ. दोन वर्षं किंवा वीसेक हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तेव्हा बदलणं हा माझ्या मते जुन्या गाडीला न्याय आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर दर पावसाळ्यानंतर निदान एकदा तपासा.

काम करताना एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे गाडीचं तोंड खाली बसत नाही. पुढचं चाक उचललेलं असलं तरी वरच्या बोल्टमागे स्प्रिंग दाबलेली असते. पाइपची वरची पकड ढिली करून मग बोल्ट सोडा, शेवटचे आटे राहिले की तळहाताने तो दाबून धरा, आणि तोंड वरून बाजूला ठेवा. बोल्ट उडून हनुवटीवर बसलेले मेकॅनिक शोधायला लांब जावं लागत नाही. काही जुन्या गाड्यांच्या बॉटमला खाली ड्रेन स्क्रू असतो, तिथे काम सोपं. नसेल तर पाइप बॉटमसकट टी-मधून (दोन्ही पाइप पकडणाऱ्या पट्ट्यांतून) काढून उलटा करावा लागतो. दहा-पंधरा वेळा सावकाश वरखाली करा, मग रात्रभर उलटा टेकून ठेवा. अर्धा गाळ नंतरच उतरतो. स्प्रिंग काढताना तिचं कुठलं टोक वर होतं ते बघून ठेवा. पुष्कळ स्प्रिंगांचे वेढे एका टोकाला दाट असतात.

ऑईल किती आणि कुठलं? किती, हे पुस्तिकेत मिलिलिटरमध्ये दिलेलं असतं आणि ते डोळ्यांनी मोजायचं नसतं. मेडिकलमध्ये मिळणारी मोठी सिरिंज किंवा मापाचं भांडं घ्या. त्याहून महत्त्वाचं, दोन्ही बाजूंना पातळी सारखी हवी. स्प्रिंग बाहेर ठेवून पाइप पूर्ण खाली दाबा, आतली हवा जाईपर्यंत हलकेच वरखाली करा, आणि पाइपच्या काठापासून ऑईलपर्यंतचं अंतर पट्टी घालून मोजा. डावं-उजवं जुळवा. ‘जास्त ओतलं म्हणजे जास्त चालेल’ हा हिशेब इथे उलटतो. ऑईलच्या वरची हवा कमी पडते, शॉकअप शेवटी दगडासारखा होतो आणि सील फेकतो.

कुठलं, याचं उत्तर पुस्तिकेतल्या ग्रेडचं फोर्क ऑईल. साध्या गाड्यांना बहुधा १० डब्ल्यूच्या आसपासचं. गॅरेजमध्ये इंजिनाचं उरलेलं २०डब्ल्यू-४० सर्रास ओततात. गाडी त्याने चालते, पण थंडीच्या सकाळी पुढचा भाग लाकडासारखा लागतो. नेहमी डबलसीट आणि खराब रस्ता असेल तर एक पायरी जाड, म्हणजे १५ डब्ल्यू घ्यायला हरकत नाही. मात्र कंपनी बदलली की १० म्हणजे तेवढंच दाट असं नसतं, फोर्क ऑईलचे आकडे कंपन्यांमध्ये जुळत नाहीत. एकदा पसंत पडलं की तेच धरून राहा.

सील गळत असेल तर नुसतं ऑईल भरून भागत नाही. पाइपवर ऑईलचं ओलं कडं दिसलं की आधी डस्ट कव्हर वर सरकवा. बऱ्याचदा सीलच्या ओठाखाली चिखलाचा कण अडकलेला असतो. जुन्या फोटो फिल्मची किंवा पातळ प्लास्टिकची पट्टी गोलाकार फिरवून तो काढला की गळती थांबते. थांबली नाही तर दोन्ही बाजूंची सील एकदम बदला. नवं सील घालण्याआधी पाइपवर नख फिरवा. नख अडकलं तर तिथे गंजाचा खड्डा आहे आणि तो नव्या सीलचीही चाळण करणार. खड्डा सीलच्या सरकण्याच्या पट्ट्याबाहेर असेल तर बारीक पॉलिश पेपरने कड मोडून चालवता येतं. पट्ट्यात असेल तर पाइपला नवं हार्ड क्रोम किंवा नवा पाइप. नवं सील पाइपवर चढवताना पाइपच्या काठावर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून ऑईल लावा, नाहीतर काठच सीलचा ओठ कापतो. गळतं सील पुढच्या महिन्यावर ढकलू नका. हे ऑईल ओघळून ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रममध्ये जातं, आणि मग उतारावर कळतं.

सगळं जुळवताना एक छोटी गोष्ट पुष्कळ लोक गाळतात. पुढच्या चाकाची अ‍ॅक्सल घालून झाल्यावर नट पूर्ण आवळण्याआधी गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून पाच-सहा वेळा खाली दाबा, आणि मग आवळा. दोन्ही बॉटम आपापली जागा घेतात. आधीच आवळलं तर दोन्ही पाइप एकमेकांविरुद्ध ताणून राहतात; ऑईल नवं, सील नवं, तरी गाडी अडखळत दबते. पडल्यानंतर हँडल एका बाजूला आणि चाक दुसऱ्या बाजूला बघत असेल, तरी लगेच पाइप वाकला असं मानू नका. टी-चे बोल्ट ढिले करून, चाक गुडघ्यांत धरून हँडल वळवलं की पुष्कळदा सरळ होतं. पाइप खरंच वाकला आहे का, ते काढून जाड काचेवर गडगडवून बघा. पाइपखाली उजेडाची फट दिसली तर तो पाइप बदला. ठोकून सरळ केलेल्या पाइपवर माझा विश्वास नाही.

मागचे शॉकअप. पुढचे खोलण्यासाठीच बनवलेले असतात. मागचे बहुतेक कारखान्यात बंद केलेले. तालुक्याच्या गावी ते कापून, नवं सील-ऑईल घालून पुन्हा वेल्डिंग करणारे कारागीर आहेत आणि त्यांतले काही हाताचे पक्के आहेत. जुन्या बुलेटसारख्या गाडीचे मूळ शॉकअप राखायचे असतील तर त्यांच्याकडे जा. रोजच्या कामाच्या गाडीला मात्र नवी जोडी घ्या, आणि ती गाडीच्या मूळ पुरवठादाराची. हिरो होंडाला मुंजाल शोवा पुरवत असे, बजाजच्या अनेक गाड्यांना वाळूजचं एन्ड्युरन्स. गॅब्रिएलचा चाकणचा कारखाना आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. नुसत्या एका बाजूचा बदलू नये. एक ताजा आणि एक थकलेला अशी जोडी गाडीला प्रत्येक खड्ड्यात तिरकं ढकलते. काही पल्सरच्या मागच्या शॉकअपला जी वेगळी डबी असते तिच्यात दाबाखाली वायू आहे. ती खोलू नका, भोक पाडू नका, तापवू नका. आणि कुठल्याही शॉकअपची स्प्रिंग दोरी-पाना लावून घरी काढायच्या भानगडीत पडू नका.

आता खाच. मागच्या शॉकअपच्या तळाशी पायऱ्या पायऱ्यांची कडी असते, बहुधा पाच पायऱ्यांची, आणि टूलकिटमधला चंद्रकोरी तोंडाचा पाना तिच्यासाठीच आहे. पायरी चढवली की स्प्रिंग मुळीच जास्त कडक होत नाही. तिची ताकद तीच राहते, गाडीची मागची उंची तेवढी वाढते. वजनाने खाली बसलेल्या गाडीला पुन्हा मध्यावर आणणं, एवढंच तिचं काम.

किती बसते ते मोजा. मेन स्टँडवर मागचं चाक लोंबत असताना अ‍ॅक्सलच्या नटापासून सरळ वर साइड पॅनलवर लावलेल्या चिकटपट्टीपर्यंत अंतर घ्या. मग गाडी उतरवून नेहमीच्या कपड्यांत बसा, पाय वर घ्या, कुणीतरी गाडी सावरावी आणि तिसऱ्याने तेच अंतर घ्यावं. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या चौथा ते तिसरा हिस्सा असावा. हालचाल ८० मिलिमीटर धरली तर २० ते २७. फरक त्याहून जास्त तर एक पायरी वर, कमी तर खाली. दोन्ही बाजूंना तीच पायरी. सर्वांत वरच्या पायरीवरही गाडी बसतेच आहे, तर स्प्रिंग थकली. नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी ताडून बघा. पुढे बहुतेक साध्या गाड्यांत फिरवायला काही नसतं. तिथे पाइपवर बारीक दोरा बांधून एक नेहमीची फेरी मारा. दोरा कुठवर सरकला ते बघून पुढची बाजू पूर्ण तळाला जाते का ते कळतं.

मागे माणूस बसला की हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो. लांबच्या प्रवासाला दोघं निघणार असाल तर पायरी चढवण्याचं हे एकच कारण पुरेसं आहे. एकटं परतताना खाली आणायला विसरू नका. पायरी बदलली की चेनचा ढिलेपणाही पुन्हा बघा, आणि तो गाडीवर नेहमीचं वजन असताना. गिअरबॉक्सची चकती, चिमट्याचा सांधा आणि मागची अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ असते. मेन स्टँडवर बेताची वाटलेली चेन तेव्हा ताणून बेअरिंग खाते.

दूधवाल्यांच्या गाड्यांबद्दल वेगळं बोललं पाहिजे. चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन म्हणजे नुसतं दूधच ८० किलोंच्या वर, त्यात कॅनचं, लोखंडी स्टँडचं आणि चालवणाऱ्याचं वजन. १०० सीसीच्या गाड्या एकूण साधारण १३० किलोंसाठी बनवलेल्या असतात. खाचेच्या पाच पायऱ्या हे अंतर भरून काढू शकत नाहीत. इथे चिमट्याची वेल्डिंग आणि शॉकअपचे फ्रेमवरचे खुंट दर महिन्याला पुसून, उजेडात बघायचे असतात. रंगावर केसासारखी गंजलेली रेघ दिसली तर तो तडा आहे असंच धरा, आणि त्या दिवशी ती गाडी बाहेर काढू नका.

काम झाल्यावर पहिले शंभरेक किलोमीटर हळू चालवा, मग पाना घेऊन टी-चे बोल्ट, दोन्ही अ‍ॅक्सल, शॉकअपचे नट आणि चिमट्याचा मधला बोल्ट एकदा पुन्हा तपासा. नवी रबरं बसतात तशी त्यातली एकदोन ठिकाणं ढिली झालेली सापडतातच.